वरच्या थराचं पाणी

आमच्या गावचा जलसुरक्षक चिमाजी वाईट माणूस आहे असं कुणी म्हणालं, तर मी भांडेन. वाईट व्हायलाही थोडी मेहनत लागते, आणि चिमाजीला मेहनतीचं वावडं. शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा. माझी गणितं उतरवताना वहीवरचं माझं नावही उतरवायचा. गुरुजींनी एकदा विचारलं, "वर्गात दोन राकेश कधीपासून?" तेव्हा हा पठ्ठ्या माझ्याकडे बोट दाखवून मोकळा झाला.

गाव आमचं शिनोलीच्या रस्त्यापासून बरंच आत. पंचायतीने सहा वर्षांपूर्वी चिमाजीला नेमलं, कारण दुसऱ्या कुणी अर्जच केला नाही. कामं दोनच. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर टाकायची, आणि वर्षातून दोनदा पाण्याचे नमुने तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचे. बाटल्या चार असत. गावाची टाकी भरणारी बोअर, शाळेचा हातपंप, अंगणवाडीचा नळ आणि आमच्या बौद्धवस्तीचा नळ. चारही ठिकाणी फिरायचं तर तास गेला. चिमाजीला तासभर पारावर बसता यायचं, चालता यायचं नाही.

म्हणून तो चारही बाटल्या सावळारामच्या विहिरीवर भरायचा. सावळाराम त्याचा सख्खा चुलता. विहीर गावाबाहेर पडायच्या रस्त्याला लागून, पाणी नितळ. गाडी स्टँडवर लावली, बादली सोडली, चारही बाटल्या भरल्या, वर चार चिठ्ठ्या चिकटवल्या, की लागला घोडेगावच्या, म्हणजे तालुक्याच्या रस्त्याला. एकदा मी त्याला तिथेच गाठलं.

"अरे, ह्या बाटलीवर बोअर लिहिलंय की!"

"राव, नमुना म्हंजी काय? पावन्याला दावायचा माल," तो म्हणाला. "टमाट्याच्या क्रेटात वरचा थर कसला लावतोस तू? सडका लावतोस व्हय?"

मी हसलो. लपवत नाही, चांगला खो खो हसलो. कारण हे शहाणपण एकट्या चिमाजीचं नव्हतं, आख्ख्या गावाचं होतं. शाळा तपासायला साहेब आला की हुशार पोरं पुढच्या बाकांवर. मुलगी दाखवायची तर साडी शेजारणीची. सरकारने नमुना मागितला तर त्याला गढूळ पाणी देऊन गावाची अब्रू कोण घालवणार? अशी आमची अब्रू. ती बाटलीत मावते.

रिपोर्ट उत्तम यायचे. यायलाच हवेत, सावळारामची विहीर उत्तमच होती. सव्वीस जानेवारीला सरपंच भगवंतराव यांनी चिमाजीला शाल-नारळ दिला आणि 'आपलं पाणी, शुद्ध पाणी' यावर पाऊण तास भाषण ठोकलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. चिमाजीची आई बयाबाई दुसऱ्या दिवशी तो रिपोर्ट घेऊन, शेतीला जोड म्हणून काढलेल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आली. "राकेश, ह्याला पलाष्टिक घाल. देव्हाऱ्यापाशी लावायचाय." मी लॅमिनेट करून दिला. चार ठिकाणच्या पाण्याचे आकडे दशांशापर्यंत सारखे होते. गणितं उतरवणाऱ्याचा हात मला ठाऊकच होता. मी कडा सरळ कापण्यात गुंग होतो.

बयाबाईचं घर बोअरला लागून. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपत आली. नवरा लवकर गेला, वाटणीत सावळारामने विहीर आपल्याकडे ठेवली, आणि त्या दिवशी हिने भर पंचांत सांगितलं, "ह्या इहिरीचं पानी आता मेल्यावरच तोंडात घाला." वीस वर्षं तिने शब्द पाळला. पोराच्या बाबतीत मात्र ती साफ आंधळी. तिच्या लेखी चिमाजी म्हणजे साहेबच.

दोनेक वर्षांपूर्वी तिच्या तळहातांवर ज्वारीच्या दाण्यासारखे टणक उंचवटे आले. मग तळपायांना. छाती-पाठीवर काळे डाग, मधूनच पांढरे ठिपके. पायांना सतत मुंग्या. गावात वैद्यांची कमी नाही. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं साबण बदल, कुणी कोंबडं उतरवायला सांगितलं. आणखी पाच-सात जणांचे हात तसेच होऊ लागले होते, पण प्रत्येक जण मूठ मिटून फिरत होता. बयाबाईच्या उजव्या तळहाताची एक गाठ चिघळली, तेव्हा आम्ही तिला पुण्याला नेलं. फॉर्म भरायला म्हणून मी बरोबर.

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात उजेडात धरले आणि बराच वेळ पाहिले. "आजी, पाणी कुठलं पिता?"

"बोरचं."

"हे आर्सेनिकसारखं दिसतंय," त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या. "विष आहे. पाण्यात असलं तर चव नाही, वास नाही, वर्षानुवर्षं भिनत राहतं. तुमच्या भागात सहसा सापडत नाही, पण हात तेच सांगतायत. याच्यावर हमखास असं औषध नाही. ते पाणी बंद करणं हाच पहिला उपाय, नाहीतर अशा गाठींचा कॅन्सर होतो. पाणी तपासलंय का?"

बयाबाईचा चेहरा खुलला. तिने पिशवीतून माझं लॅमिनेशन काढलं. "तपासलंय की! माजा ल्योक सोता तपासतो. ह्यो काय हितं बसलाय."

बाईंनी बोअरची ओळ वाचली. आर्सेनिक : आढळले नाही. त्यांनी मान हलवली. "मग पाणी नाही. कुठली भस्मं, काढे घेता का? फवारणी करता?" मी चिमाजीकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही पंख्याकडे पाहिलं. एका पंख्याखाली दोन भेकड. त्या गाठीचा तुकडा, केस आणि नखं तपासायला देऊन आम्ही निघालो. निघताना बाई म्हणाल्या, "आजी, पाणी भरपूर प्या." बयाबाईने तो सल्ला मनापासून पाळला.

दुसऱ्या दिवशी चिमाजीने सावळारामच्या विहिरीचा हंडा घरी आणला. आईने तो अंगणात ओतला. "माज्या ल्योकानं तपासल्यालं पानी घरात असताना त्या मुडद्याचं पानी पिऊ व्हय मी?" आता तिला ते पाणी पाजायचं तर एकच वाट होती, देव्हाऱ्यापाशी लटकलेला कागद कुठल्या विहिरीचा आहे ते सांगायची. चिमाजीने चार दिवस हंडे आणले. तिने चार दिवस ओतले, आणि बोअरचं पाणी पीत राहिली.

पाचव्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. "राकेश, एक कागुद टाइप कर की. बोरमधी आर्सेनिक हाय म्हनून. खालनं शिक्का मार."

मला जी चीड आली ती अजून उतरलेली नाही. बेट्याला जन्मात पहिल्यांदा खरं सांगायचं होतं, तेही खोट्या कागदावर! तोंडात येतील त्या शिव्या मी त्याला दिल्या. माझ्या बायकोच्या, रत्नाच्या तळपायाला गेल्या महिन्यापासून तसेच खडे लागत होते, आणि विहिरीवर हसलेलं मला आठवत होतं. निम्म्या शिव्या मला स्वतःलाच होत्या. तो ढसाढसा रडला. मी त्याच्या हातात बाटली कोंबली आणि त्याला बोअरवर नेलं. भरायला दोन मिनिटं लागली. सहा वर्षांत त्याला ती दोन मिनिटं सापडली नव्हती.

रिपोर्ट आला. आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी पट. पुण्याहूनही कळलं, नखांत, केसांत विष आहे आणि ती गाठ कॅन्सरची आहे. चिमाजीने आईपुढे बसून सगळं सांगितलं.

"मंग देवापाशी हाय त्यो कागुद कुनाचा?" तिने विचारलं.

"काकाच्या इहिरीचा."

तेवढ्यात बातमी लागून भगवंतराव आले. गाव शुद्ध पाण्याच्या पुरस्काराच्या यादीत होतं. "चिमा, घाई करू नगंस," ते म्हणाले. "नमुना घ्येताना चूक व्हती कवा कवा. परत एकदा भर. बाटली चांगली धुऊन, जरा बघून भर. कळलं न्हवं?" आणि त्यांनी कोरी बाटली त्याच्यापुढे धरली. सहा वर्षांच्या सवयीने चिमाजीचा हात पुढे झाला.

बयाबाई उठली. तिने ती बाटली बाजूला सारली आणि आपले दोन्ही तळहात सरपंचांच्या नाकासमोर उघडले.

"बाटली कशाला? ह्ये न्या," ती म्हणाली. "ह्यो नमुना बोरचाच हाय. सा वर्सं भरलाय, माज्या ल्योकानं."