गार सुपाची तक्रार

गाद्यांच्या शोरूममध्ये सोळा वर्षं नोकरी करून लेकीने जगण्याचं एकच सूत्र शिकून घेतलं होतं. भाव सांगितला की गप्प बसायचं. जो आधी बोलतो तो हरतो.

तिची पद्धत साधी होती. गिऱ्हाईक आलं की त्याला बूट काढायला लावायचे, गादीवर आडवं करायचं आणि चार पावलं लांब उभं राहून दहा मिनिटं चकार शब्द काढायचा नाही. बाकीचे विक्रेते स्प्रिंग, फोम आणि हमीबद्दल तोंडाला फेस येईस्तोवर बोलत असायचे. ही नुसती उभी. गिऱ्हाईक आधी छताकडे बघायचं, मग तिच्याकडे, आणि शेवटी आपणहून म्हणायचं, "पाठ दुखतेच हो माझी." आणखी दोन मिनिटांनी ते बायकोला हाक मारायचं. चार गिऱ्हाइकं तर घोरायलाच लागली होती, आणि त्या चौघांनीही गादी घेतली. शोरूमच्या भिंतीवर सर्वोत्तम विक्रेती म्हणून सलग नऊ वर्षं तिचा फोटो लागत होता. त्यातही तोंड मिटलेलंच.

घरीही तेच. आईने विचारावं, "उशीर का झाला?" लेकीने म्हणावं, "झाला." आणि गप्प. मग आईच पुढे व्हायची. "गर्दी असेल. की साहेबांनी थांबवून घेतलं? आणि छत्री कुठाय? विसरलीस ना?" म्हणजे प्रश्नही आईचे, उत्तरंही आईचीच. लग्न तिने केलं नाही. "कोणी पसंतच पडलं नाही," असं आई लोकांना सांगायची. बाबा पेपराआडून म्हणायचे, "पडले असतील. आधी कोण बोलतंय याची वाट बघत बसली असेल."

अशी ही लेक त्रेचाळिसाव्या वर्षी एका रविवारी जेवताना म्हणाली, "मी नोकरी सोडली. सूप-सँडविचची फ्रँचायझी घेतलीय."

आणि गप्प.

आईचा घास हातातच राहिला. "अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं हे वय आहे का? तुला धड चहा करता येत नाही! मागच्या वेळी पातेलं जाळलंस ते अजून घासतेय मी!"

"स्वयंपाक करायचा नसतो आई. सगळं कंपनीकडून येतं. आपण गरम करायचं."

"मग त्यात तुझं काय?"

"दुकान." लेकीने पाण्याचा घोट घेतला. "सोळा वर्षं दुसऱ्याच्या गाद्यांवर लोकांना झोपवलं. आता काहीतरी माझ्या पाटीखाली करायचंय."

गेल्या कित्येक वर्षांत तिच्या तोंडून एका दमात इतके शब्द बाहेर पडले नव्हते. बाबा म्हणाले, "पाटी कंपनीची असते, पण असो."

मग लेक तीन आठवडे प्रशिक्षणाला गेली. तिथे पहिले दोन दिवस हात कसे धुवायचे ते शिकवलं. आईने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. परत येताना लेकीने दोनशे बारा पानांची हिरवी फाईल आणली. सँडविचमध्ये काकडीच्या चकत्या सात. टोमॅटोच्या तीन. सूप चौऱ्याहत्तर अंशाच्या खाली उतरता कामा नये. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाशी पाच वाक्यं बोलायची. स्वागत, काय हवंय, सोबत सूप देऊ का, गोड काही, धन्यवाद.

"आठवी चकती घातली तर पोलीस येतात का?" आईने विचारलं.

"पोलीस नाही, छुपा ग्राहक येतो."

हा छुपा ग्राहक म्हणजे आईच्या झोपेचा शत्रू झाला. दुकान उघडल्यापासून तीन महिन्यांच्या आत कंपनीचा एक माणूस साधं गिऱ्हाईक बनून येणार, खाणार, बघणार आणि निघून जाणार. शंभरपैकी गुण देणार. सत्तरच्या खाली आले की करार संपला, पाटी खाली. लेकीने साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं त्या पाटीला टांगलेलं होतं.

आणि लेकीचं घोडं अडलं होतं ते नेमकं त्या पाच वाक्यांवर. मग रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर तालीम सुरू झाली. आई गिऱ्हाईक, लेक मालकीण, बाबा रांग.

"नमस्कार, आपलं स्वागत आहे," लेक म्हणायची. "काय देऊ?" आणि गप्प.

"बोल ना पुढे!"

"थांबलं की गिऱ्हाईक आपणच सूप मागतं, आई."

"त्या फाईलवाल्यांना हे सांग! वाक्यं पाच आहेत, झाली दोन. आणि तोंड का एवढंसं झालंय? रात्री झोपलीस का?"

"आई, गिऱ्हाईक असं विचारत नाही."

"मग अशा गिऱ्हाइकाला लेकच नसेल."

मागून बाबा म्हणायचे, "जरा लवकर करा, रांग खोळंबलीय."

फाईलमधलं एकच पान लेकीला मनापासून आवडलं होतं, एकेचाळिसावं. तक्रार कशी हाताळावी. ग्राहकाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं, मधे बोलू नये. ऐकलेलं त्याला परत म्हणून दाखवावं. माफी मागावी. पदार्थ बदलून द्यावा. कूपन द्यावं. सात दिवसांत फोन करून काय केलं ते कळवावं. "यात निम्मं काम गप्प बसण्याचं आहे," ती म्हणाली. पण तक्रार करायला कोणी येईना.

दुकान उघडलं. पहिल्या आठवड्यात आई रोज तिथे हजर. चौथ्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "मशरूमचं नका घेऊ, पोटाला जड जातं. टोमॅटोचं घ्या." त्या संध्याकाळी लेकीने शांतपणे सांगितलं, "छुपा ग्राहक येऊन जाईपर्यंत तू यायचं नाहीस." आणि नेहमीप्रमाणे गप्प बसली. आई बरंच बोलली, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मग बाबांना हेर म्हणून पाठवणं सुरू झालं. ते जायचे, खायचे, परत यायचे.

"कसं होतं?"

"बरं होतं."

"गर्दी?"

"होती तेवढी होती."

"ती जेवली होती का?"

"ते मेन्यूत नव्हतं."

असे दोन महिने तीन आठवडे गेले. लेक सकाळी सहाला निघायची, रात्री दहाला यायची, बूट न काढताच सोफ्यावर आडवी व्हायची. ज्या बाईने अख्ख्या गावाला गाद्या विकल्या ती स्वतःच्या गादीपर्यंतही पोचत नव्हती. छुपा ग्राहक काही उगवला नव्हता. उरला होता एक आठवडा. आता आईला धीर धरवेना.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला मोठा काळा चष्मा आईच्या कपाटात होता. तो तिने डोळ्यांवर चढवला, डोक्याभोवती स्कार्फ गुंडाळला आणि अकरा वाजता ती दुकानात जाऊन उभी राहिली.

काउंटरपलीकडून लेकीने तिच्याकडे पाहिलं. पापणीसुद्धा हलवली नाही. "नमस्कार, आपलं स्वागत आहे. काय देऊ? सोबत सूप देऊ का? गोड काही? धन्यवाद." पाचही वाक्यं एका श्वासात. आईला इतका अभिमान वाटला की आपण काय मागितलं तेच ती विसरली. चीज सँडविच निघालं.

ती कोपऱ्यातल्या टेबलावर बसली. बाबांना फोन करून बातमी द्यावी म्हणून फोन काढला तर बॅटरी चार टक्के. टेबलाशेजारीच भिंतीत एक सॉकेट होतं, पण त्यात आधीच कसलीतरी पिन होती. दिव्याबिव्याची असेल. आईने ती उपसली आणि आपला चार्जर खोचला. काळ्या चष्म्यातून ती वायर काउंटरकडे कुठे जाते ते काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आईने बघितलंही नव्हतं.

तास गेला. बाहेर ऊन तापलेलं, त्यामुळे सूप कोणी घेत नव्हतं. मागच्या टेबलावर एक बाई कॉफी घेऊन स्वेटर विणत बसली होती. आणि बाराच्या सुमारास एक गृहस्थ आत आले. त्यांना बघताच आईचे कान टवकारले. त्यांनी ऑर्डर देताना घड्याळ बघितलं. बसल्यावर सँडविचचा वरचा ब्रेड उचलून आत डोकावले. आणि नंतर चक्क वाकून टेबलाखाली बघितलं!

हाच तो. आपण तासभर एका सँडविचवर खुर्ची अडवून बसलोय हे बरं दिसत नाही, म्हणून तिने घाईघाईने सूप मागवलं. सूप आलं. तिने चमचा तोंडात घातला.

कोमट! आंघोळीच्या पाण्याला शोभेल असं कोमट.

आईने चष्मा कपाळावर सरकवला. नजर वाडग्यावरून काउंटरवरच्या सुपाच्या भांड्यावर गेली, तिथून खाली लोंबणाऱ्या वायरीवर, वायरीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून आपल्या फोनवर. फोन शंभर टक्के भरला होता.

त्याच क्षणी ते गृहस्थ काउंटरकडे बघून म्हणाले, "एक सूपही द्या हो."

लेकीने पळी हातात घेतली. आता काय करावं? पिन लावायला उठावं तर सगळ्यांसमोर वाकावं लागणार. हाक मारावी तर ओळख फुटणार. आईच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "अहो मालकीणबाई! माझी तक्रार आहे!"

सगळं दुकान वळून बघू लागलं. लेकीने पळी खाली ठेवली, हात पुसले आणि ती आईच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. पान एकेचाळीस.

"हे सूप गार आहे," आई म्हणाली.

लेक गप्प.

"म्हणजे, गार आहे म्हणजे लक्ष नाही. लक्ष कसं असेल? झोप नको का माणसाला?"

लेक गप्प. पूर्ण ऐकायचं होतं, आणि तक्रार अजून पूर्ण झालेली दिसत नव्हती.

आईने आयुष्यात कधी एवढा मोकळा रस्ता पाहिला नव्हता. घरी ती बोलायला लागली की लेक निदान उठून तरी जायची. आज ती जागची हलत नव्हती. "सकाळी सहाला बाहेर पडायचं, रात्री दहाला यायचं, याला काय अर्थ आहे? दुपारी जेवण नाही. लोकांना सात-सात चकत्या मोजून द्यायच्या आणि स्वतः काय, उरलेल्या ब्रेडच्या कडा? त्या बुटांचे तळवे झिजलेत, दिवसभर उभं राहून पाय सुजतात, ते मला दिसत नाही असं वाटतं? आणि काही विचारलं की गप्प! अहो, भिंत बरी, निदान तिच्यावर पाल तरी चुकचुकते! माझं म्हणणं दुकान काढू नये असं नाही. चांगलं आहे दुकान. टेबलं स्वच्छ आहेत. पण हे... हे चाललं नाही तर... काय होईल या काळजीने दुसऱ्या कुणाला तरी झोप लागत नाही, एवढं लक्षात ठेवा!"

पूर्ण सहा मिनिटं झाली. सँडविच कापणाऱ्या बाई सुरी तशीच धरून उभ्या होत्या. आईला दम लागला आणि ती थांबली.

लेक म्हणाली, "मी आपली तक्रार परत म्हणते, चुकलं तर सांगा. सूप गार आहे. मी झोपत नाही. दुपारी जेवत नाही. बूट बदलायला हवेत. विचारलं तर उत्तर देत नाही. आणि याची कुणालातरी काळजी वाटते. बरोबर?"

"बरोबर," आई म्हणाली.

"मी माफी मागते. या सगळ्याबद्दल."

मग तिने थर्मामीटर आणून सुपाच्या भांड्यात बुडवला आणि मोठ्याने वाचला, "एक्कावन्न." वायरीचा माग काढत ती भिंतीपाशी आली. आईच्या फोनकडे बघितलं. आईकडे बघितलं. आईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. लेकीने पिन लावली आणि सगळ्यांना सांगितलं, "सूप वीस मिनिटांनी मिळेल." मग फॉर्म घेऊन आली.

"आपला फोन नंबर?"

"तुला माहीत ना..." आईने जीभ चावली आणि एकेक आकडा सांगितला. लेकीने तो एकेक करून लिहून घेतला आणि कूपन दिलं.

आई घरी आली ती थेट पलंगावर. "बुडवलं मी तिला," एवढंच म्हणाली. रात्री लेक आली, तिच्याशीही काही बोलली नाही. बाबांनी दोघींना गप्प बसलेलं पाहून खिडकीबाहेर डोकावून बघितलं, काही वेगळं घडलंय का.

चौथ्या दिवशी निकालाची ईमेल आली. लेकीने टेबलाशी उभ्याने वाचून दाखवली. "सुपाचं तापमान, पंधरापैकी शून्य."

आईने डोळे मिटले.

"स्वच्छता, पंधरापैकी चौदा. पाच वाक्यं, दहापैकी सात. इतर मदत, पाचपैकी पाच. 'एक गृहस्थ टेबलाखाली शर्टाचं तुटलेलं बटण शोधत होते, ते शोधून देण्यात आले.'"

"बटण?" आईने डोळे उघडले. "मग छुपा ग्राहक कोण?"

"'माझा स्वेटर विणून होईपर्यंत मला कोणीही उठवले नाही.'" लेक पुढे वाचत राहिली. "तक्रार, वीसपैकी वीस. 'काळा चष्मा घातलेली एक अत्यंत अवघड ग्राहक. मालकिणीने एकदाही मधे न बोलता सर्व ऐकून घेतले. असे मी आजवर पाहिलेले नाही.' एकूण अठ्ठ्याहत्तर."

पाटी राहिली. बाबांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे त्यांना खरंच आनंद झाला होता. "अवघड ग्राहक," ते म्हणाले, "ही बाई माणूस ओळखते."

आईने पर्समधून कूपन काढलं. "मग उद्या मी येते."

"पान एकेचाळीस, तळटीप," लेक म्हणाली. "मालकाच्या नातेवाइकांना कूपन चालत नाही."

सातव्या दिवशी दुपारी अडीचला फोन वाजला. नंबर दुकानाचा.

"नमस्कार मॅडम. आपल्या तक्रारीवर काय केलं ते कळवायला फोन केलाय. सुपाच्या पिनेला कुलूपवालं झाकण बसवलंय. सकाळच्या कामाला एक बाई ठेवल्यात, उद्यापासून मी आठला निघेन. बूट घेतलेत, काळे, मऊ तळव्याचे. मॅडम, आपण समाधानी आहात का?"

आणि गप्प.

आईला हा डाव चांगला ठाऊक होता. जो आधी बोलतो तो हरतो. या वेळी हरायचं नाही असं ठरवून तिने ओठ घट्ट मिटले आणि भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे नजर लावली. पलीकडे कुठेतरी सुरी चालल्याचा आवाज येत होता. पाच. आठ. दहा. अकरा.

"जेवलीस का?" आई म्हणाली.