दाजींचे खिसे

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, शिंपी. मापात कधी चुकायचे नाहीत आणि बोलण्यात कधी सापडायचे नाहीत. लग्नाच्या बोलणीतही त्यांनी एकच गोष्ट ठणकावून सांगितली होती, "माझे वडील दारूनं गेले. मी थेंबाला शिवणार नाही." चहा मात्र इतका ढोसायचे, की ताई म्हणायची, यांनी किटलीशीच लग्न करायचं होतं.

दाजींना क्षय झाला. गोळ्या लागू पडत होत्या, खोकला उतरत होता. आणि एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या त्यांना रक्ताची उलटी झाली. छातीतलंच रक्त असणार, असं आम्ही धरून चाललो. दवाखान्यात पोटात दुर्बीण घातली, तेव्हा कळलं की जठरातल्या शिरा फुगून फुटल्या आहेत.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "किती पिता?"

"चहा?" दाजी म्हणाले.

कोणी हसलं नाही. अशा शिरा बहुधा दारूनं लिव्हर खराब झालं की फुगतात, एवढं सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. बाप तसा बेटा, हेच तिच्या मनात आलं असणार. मला तिचाही राग आला आणि डॉक्टरांचाही. त्या दिवसापासून ती डबा आणायची, धुतलेले कपडे ठेवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. दाजी तिच्याकडे बघत पडून राहायचे.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना मात्र एक गोष्ट खटकत होती. लिव्हरच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. त्यांनी पोटाचा स्कॅन करायला लावला. क्षयाचीच एक गाठ पोटात वाढून प्लीहेच्या शिरेवर दाबत होती. वाट अडल्यामुळे रक्त जठराच्या शिरांमध्ये तुंबलं होतं.

"क्वचित होतं असं," बाई म्हणाल्या. "शिरा दुर्बिणीतूनच बंद करू. क्षयाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि दारूचा यात काही संबंध नाही."

ताई खाटेवर मटकन बसली. "अहो, मी तुमचे खिसे तपासले हो. सगळे कपडे हुंगले."

"माहीत आहे. तू आणलेल्या विजारींचे खिसे उलटे असायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"माझी आई बाबांचे खिसे असेच तपासायची," दाजी म्हणाले. "तिला रोज चपटी सापडायची. तुझ्यावर रागावू कसा?"