सरोवराकाठचं रिकामं वसतिगृह

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे आठवायला थांबावं लागतं. सरोवराकाठच्या त्या घराचं प्रकरण मात्र आजही मला सबंध आठवतं, माणसांच्या आवाजांसकट.

टोरोंटोजवळच्या एका शहरात मी आर्थिक गुन्हे शाखेत होतो. मूळ दापोलीकडचा. शिकायला म्हणून कॅनडात आलो आणि घरच्यांच्या आश्चर्याला न जुमानता पोलिसात शिरलो. आमच्या शाखेत धावपळ नसे. सकाळी ब्रीफिंग, मग दिवसभर बँकांचे कागद, आणि अधूनमधून सरकारी वकिलांचा फोन. गाड्यांना विंटर टायर चढवायच्या दिवसांत एका सकाळी ओळखीच्या वृद्ध मराठी डॉक्टरांचा फोन आला. इकडे स्थायिक झालेल्या पहिल्या मराठी डॉक्टरांपैकी ते एक. आता पाय जायबंदी झाल्यामुळे घरीच असत.

"अरे, दुपारी घरी ये. माझं ड्रेसिंग करायला जी नर्स येते ना, तिला तुझ्याशी बोलायचंय. पोलीस स्टेशनवर यायला घाबरते ती. आणि जेवून येऊ नकोस."

नर्स पस्तिशीची असेल. पश्चिम आफ्रिकेतल्या, तेलावर चालणाऱ्या एका देशातली. त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही, तिचंही नाही. मी ओळखपत्र दाखवलं. तिने ते हातात घेऊन नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कोणाचे पोलीस?"

आयुष्यात हा प्रश्न मला आधी कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "या शहराचे."

तिला तेवढं पुरलं असावं. डॉक्टरांच्या शेजारचं, सरोवराला लागून असलेलं मोठं घर तिने खिडकीतून दाखवलं. त्या घरासमोर गाडीतून उतरताना तिने आपल्या देशाच्या एका मंत्र्याला पाहिलं होतं. तेलाचं खातं त्याच्याकडे होतं. तो तिच्याच गावचा. गावात त्याने तेलाच्या पैशातून रुग्णालय बांधलं होतं आणि ती तिथे नर्स होती.

"मग तर चांगलं काम केलं," डॉक्टर म्हणाले.

"उद्घाटनाला यंत्रं आली होती," ती म्हणाली. "फोटो झाले, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी ट्रक आले आणि यंत्रं परत घेऊन गेले. भाड्याची होती."

तपास सुरू झाला. घराचे कागद स्वच्छ होते. मालक म्हणून मंत्र्याचं नाव कुठेच नव्हतं. मालक होता त्याच गावचा एक शाळामास्तर. मंत्र्याचा बालमित्र, भूगोल शिकवणारा. काही वर्षांपूर्वी तो व्हिसा घेऊन इथे आला होता आणि त्या घरात एकटा राहत होता. शिक्षकाच्या पगारात असं घर होत नाही, हे सांगायला पोलीस लागत नाही. पण कोर्टाला संशय चालत नाही. हे घर खरं कोणाचं, हे मास्तरांच्या तोंडून यायला हवं होतं.

वॉरंट घेऊन आम्ही झडतीला गेलो. मास्तरांनी दार उघडलं, वॉरंट चष्मा लावून वाचलं आणि आम्हाला बूट काढायला सांगितलं. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत माणूस. वरच्या मजल्यांवर फर्निचर जवळजवळ नव्हतंच. बेसमेंटमध्ये गेलो आणि माझी सहकारी जिन्यातच थांबली. खाली ओळीने पलंग होते. प्रत्येकावर इस्त्री केलेली चादर, उशाशी दिवा, बाजूला छोटं टेबल. भिंतीवर कॅनडाचा नकाशा.

"इथे कोण राहतं?" मी विचारलं.

"अजून कोणी नाही," ते म्हणाले. "मुलं यायची आहेत."

गावातली हुशार मुलं इथल्या कॉलेजांत शिकायला येतील आणि या वसतिगृहात राहतील, असं मंत्र्याने त्यांना सांगितलं होतं. म्हणून ते आले होते. दर आठवड्याला चादरी धूत होते.

स्टेशनवर त्यांना हक्क वाचून दाखवले, वकील दिला आणि चौकशी सुरू केली. चौकशीबद्दल लोकांच्या भलत्या कल्पना असतात. आवाज चढवून फारसं काही मिळत नाही. खोटं बोलणारा माणूस तपशील जास्त देतो आणि घाईत देतो. मास्तर घाईत नव्हते. घर माझं आहे, पैसे मित्राने भेट दिले, एवढंच ते सांगत. ते स्वतःसाठी खोटं बोलत नव्हते. एका माणसावरच्या विश्वासासाठी बोलत होते, आणि तो तोडणं भीती तोडण्याहून अवघड असतं.

"तो लुबाडणारा असता तर त्याने रुग्णालय बांधलं असतं का?" ते मला म्हणाले. "उद्घाटनाला आभाराचं भाषण मी केलं होतं. माझी बहीण नदीच्या धक्क्यावर कपडे शिवायची. ती त्याच रुग्णालयात वारली. त्याने स्वतः फोन करून सांगितलं, शक्य ते सगळं केलं म्हणून."

त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझ्या मालकीचं नव्हतं. नर्सचा जबाब कॅमेऱ्यावर घेतलेला होता. तो मास्तरांना दाखवला तर तिचं नाव त्या घरापर्यंत, तिथून मंत्र्यापर्यंत जाणार. तिचा भाऊ अजून गावात सरकारी नोकरीत होता. मी तिला भेटून हे सगळं स्पष्ट सांगितलं. विचार करायला वेळ घ्या म्हटलं.

तिने भावाला फोन केला. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. मग म्हणाली, "दाखवा."

मास्तरांच्या वकिलासमोर आम्ही ती चित्रफीत लावली. सुरुवातीला नर्स इंग्रजीत बोलत होती. यंत्रांचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं. मास्तर हाताची घडी घालून ऐकत होते. मग एका ठिकाणी तिचा आवाज अडखळला आणि ती नकळत आपल्या भाषेत गेली. मास्तरांनी हात सोडले. ते पडद्याकडे झुकले. चित्रफीत संपली.

"पुन्हा लावाल?" त्यांनी विचारलं. "फक्त तो शेवटचा भाग."

मी लावला. ते डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, तेव्हा वकील चुळबुळ करू लागला. मास्तर त्याला म्हणाले, "ही आमच्या नदीकाठची बोली आहे. फोनवर पलीकडून दोन शब्द यायचे आणि लाइन जायची. इतकी वाक्यं सलग मी इथे आल्यापासून ऐकली नाहीत."

त्या भागात नर्स काय म्हणाली, ते दुभाष्याकडून मला आधीच कळलं होतं. गावाबाहेर तेलविहिरीवर वायू जळत असे, त्याच्या उजेडात रुग्णालयाच्या खिडकीशी बसून वाचता येई. आणि आत वॉर्डात दिवा लागत नसे, कारण जनरेटरला डिझेल नव्हतं. अडलेल्या बायकांना होडीतून पलीकडच्या गावी न्यावं लागे. धक्क्यावर शिवणकाम करणारी एक बाई अशीच वाटेत, होडीतच गेली.

"धक्क्यावर शिवणकाम करणारी एकच होती," मास्तर म्हणाले.

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"ती नर्स होडीत होती?"

"होती. हात धरून बसली होती, असं तिने सांगितलंय."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वकिलाने विश्रांती हवी का विचारलं. ते नको म्हणाले, आणि बोलू लागले. पैसे कुठून आले, सह्या कोणी कुठे करायला लावल्या, मंत्री येई तेव्हा वरच्या खोलीत कोणाच्या भेटी होत, सगळं सांगितलं. सांगताना ते वर्गात शिकवल्यासारखं सांगत होते, सावकाश, क्रमाने. शेवटी त्यांनी मला एकच विचारलं: "मुलं येणारच नव्हती ना?"

त्यांच्या जबाबावर कोर्टाने घर ताब्यात घेतलं. मास्तरांवर आरोप ठेवायचा नाही असं सरकारी वकिलांनी ठरवलं. मंत्री कॅनडात पुन्हा आला नाही. तो तिसऱ्याच देशात सुखाने राहतो, असं ऐकतो. घराचे पैसे त्या देशाला परत करायचे ठरलं, पण तिथे ते स्वीकारणार कोण, यावर बरीच वर्षं पत्रव्यवहार झाला. सरकार बदललं होतं, माणसं तीच होती. नर्सच्या भावाची नोकरी गेली. त्याबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही, आणि म्हणूनच मला तिच्यासमोर जाणं जड जाई.

लोक मला विचारतात, या प्रकरणात शेवटी काय साधलं? घर ताब्यात आलं, असं उत्तर मी देत नाही. गुन्हे शाखेत असताना आम्ही भ्रष्टाचार म्हणजे पैसा असं समजत होतो, कारण आम्हाला पैशाचा माग काढता येत होता. मास्तरांचं आणि त्या नर्सचं जे गेलं होतं, ते कुठल्या बँकेत सापडण्यासारखं नव्हतं. जमिनीखाली एवढं तेल असलेल्या देशात परत जाता येईल असं एक गाव त्यांना उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मी अमेरिकेच्या सीमेवरच्या विंडसरला एका कामासाठी गेलो, तेव्हा मास्तरांना भेटलो. ते तिथे मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरीला होते. रविवारी नर्सशी फोनवर बोलतात म्हणाले. विषय काही खास नसतो. ती मासे कसे केले ते सांगते, ते ऐकतात.

आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो. पलीकडे डेट्रॉइटच्या इमारती दिसत होत्या.

"तुमच्या गावाला नदी आहे?" त्यांनी विचारलं.

"खाडी आहे. पुढे समुद्र."

"तिथे गेलात तर तुम्हाला कोणी अटक करेल?"

"नाही."

"मग तुम्ही इथे का?"

ते टोमणा मारत नव्हते. भूगोलाच्या मास्तराला पडावा तसा त्यांना तो खरंच प्रश्न पडला होता. मी सांगू लागलो. मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, बर्नाबीला असते, नातवंडं इंग्रजीतच बोलतात, पत्नीची औषधं इथली, आईवडील गेले, गावात आता ओळखीचं फारसं कोणी नाही, आणि पुढच्या वर्षी जाऊ असं आम्ही दर वर्षी म्हणतो. बोलता बोलता मला माझंच बोलणं ऐकू येऊ लागलं आणि मी थांबलो.

मास्तरांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं. ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही जाता येत नाही."