दृष्ट काढतानाचा व्हिडिओ

मिरच्या करपल्याचा वास आला की ठसक्याच्या आधी मला माझ्या थोरल्या भावाची चीड येते.

दुपारच्या एका मालिकेत दादा नायिकेचा दीर होता. तेवढ्यावर आमच्या पलूसमध्ये त्याला फेटे बांधले जायचे. मग मालिकेत त्याला अपघातात मारलं आणि भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो लागला. आईनं तो जेवताना टीव्हीवर बघितला आणि ती भरल्या ताटावरून उठली. दादाचा मात्र खुशीत फोन आला, "फोटो रोज दिसतोय. म्हंजे मी अजून मालिकेत हाय."

तो घरी आला तेव्हा आईनं त्याला चहाच्याही आधी पाटावर बसवलं. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन ती त्याच्यावरून उतरवू लागली. दादानं मोबाईल माझ्याकडं दिला. "माझ्यावर धर," म्हणाला आणि उजेडाकडं तोंड करून बसला. अभिनयातलं त्याला एवढंच येतं.

आईनं मूठ निखाऱ्यांवर टाकली. मिरच्या तडतडल्या, तसा हा म्हणाला, "आई, परत एकदा कर की. मघाशी माझे डोळे उघडे होते. मिटलेले बरे दिसत्यात."

"इस्तवात पडल्यालं परत कसं उतरू रं?" आई म्हणाली. तेव्हा मला हसू आलं होतं.

आता आई नाही. तिच्या तिथीला दादा दरवर्षी तोच व्हिडिओ सगळ्यांना पाठवतो आणि खाली लिहितो, 'आईची आठवण'. त्यात तो छान दिसतो. आईचा फक्त हात आहे, कोपरापर्यंत.