मिठाचा माग

विहिरीतून बादली वर आली की तो आधी तिच्यात मनगटापर्यंत हात बुडवायचा, डोळे मिटायचा आणि पाण्यालाच विचारायचा, "कुठून आलं बाप्पा तू?"

मुलांनो, सुट्टीत माझ्याकडे यायचात तेव्हा तुम्ही त्याला पाहिलं आहे. भूजल खात्याचा माणूस. देवळी रस्त्यावरच्या आपल्या घरी वर्षातून चारदा विहिरीची पातळी मोजायला यायचा. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप खाली सोडायचा, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचा. कठड्यावर एक पांढरी खूण होती. टेप तिथूनच सोडायची, बोटभरही इकडेतिकडे नाही. तो आकडा मीही माझ्या वहीत लिहीत असे. आमचं जमलं ते या काटेकोरपणामुळे.

तो मूळचा यवतमाळच्या पलीकडचा, चुनखडीच्या मुलखातला. त्याच्या पिशवीत एक भोकाभोकांचा पांढरट दगड असायचा. तुमच्यासमोर त्याने त्यावर लिंबू पिळलं आणि दगडावर फेस आला, आठवतं?

"पावसाचं पानी मातीतून जाताना असंच जरासं आंबट होते. मंग दगडाले खाते. आधी केसाएवढी फट, मंग बोटाएवढी, मंग मानूस शिरन एवढी गुहा. पन घाई नाई त्याले."

त्याच्या गावाजवळ गरम पाण्याचा झरा होता. लहानपणी आई तिथे आंघोळ घालायची. खोल जाऊन जमिनीची ऊब घेऊन आलेलं पाणी, असं तो सांगायचा. हात बुडवायची सवय तेव्हापासूनची. आपल्या विहिरीचं पाणी कधी गरम निघालं नाही, तरी तो बघायचाच.

"आपल्याकडे सगळा काळा दगड, गुहा नाहीत, बरं आहे," मी एकदा म्हटलं.

"गुहा नाई, पन भेगा हाय ना मॅडम. आमचा दगड विरघळते, तुमचा काया दगड फाटते. पानी दोन्हीकडं चालते."

ऐकलं आणि विसरले. त्या वर्षी संडासाच्या टाकीतलं सांडपाणी मागच्या अंगणात साचायला लागलं होतं. कोपऱ्यात जुनी, कोरडी पडलेली बोअर होती. मी पाइप तिच्यात सोडून दिला. पाणी गुडुप! अंगण कोरडं, डास नाहीत. मार्चमध्ये तो आला तेव्हा मी त्याला मोठ्या कौतुकाने ते दाखवायला नेलं.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "कवापासून?"

"दिवाळीपासून."

"उतारावर कोनाची विहीर हाय?"

उतारावर शेजारच्या लताबाईंची विहीर. घरात त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, आठवा महिना. सगळे त्याच विहिरीचं पाणी पीत.

त्याने स्वतः पाइप उपसून त्याच्या तोंडात गोणपाट कोंबलं. "त्याइले आत्ताच सांगा मॅडम. मंग पाहू."

मी गेले. अंगणात उभी राहिले आणि म्हणाले, "लताबाई, ऊन वाढतंय, पोरीला पाणी उकळून देत जा."

"आमच्या विहिरीचं? अमृत हाय ते मॅडम!" त्या हसल्या.

परत येऊन मी त्याला म्हटलं, "सांगितलं."

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून आला, मिठाचं पोतं घेऊन; मीठ जिथे निघेल तिथे सांडपाणीही पोचत असणार. मीठ ड्रममध्ये विरघळवलं आणि बोअरमध्ये ओतलं. पाण्यातले क्षार मोजणारं पेनासारखं यंत्र होतं त्याच्याकडे. रोज दुपारी लताबाईंच्या विहिरीचं पाणी काढून त्यात ते बुडवायचा. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही नाही. पलीकडे रहाट करकरला की मी हातातलं काम टाकून भिंतीशी जायचे. कोण पितंय? किती? चौथ्या दिवशी मीच म्हणाले, "नाही ना आलं!"

"आलं नाई म्हंजे निघालं नाई, असं नाई."

पाचव्या दिवशी तो परतला आणि दारातच उभा राहिला. "आलं."

मग खालच्या आवाजात म्हणाला, "पोरगी माह्यासमोर गडवाभर पानी पेली. तुम्ही उकळा म्हून सांगतलं. काऊन उकळा, ते कारन नाई सांगतलं."

मी इतकी वर्षं वर्गात मुलांना पूर्ण उत्तर लिहायला शिकवलं. चपला घातल्या आणि गेले. लेकीसमोरच सगळं सांगितलं.

लताबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "तुमचं आंगन लय साफ असते मॅडम. आता समजलं, घान कुठी जाते ते."

लेकीने नुसता पोटावर हात ठेवला.

तिला त्याच दिवशी सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊन तपासलं. पुढे बाळ सुखरूप झालं. पण ते होईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. लताबाई अजून भिंतीवरून कढीपत्ता मागत नाहीत.

मे महिन्यात तो आलाच नाही. रिटायर झाला, असं कळलं. आता विहिरीत एक यंत्र टांगलं आहे, ते आपोआप आकडे पाठवतं. त्याला चहा लागत नाही. बादली वर आली की हात मीच बुडवते.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या पाचव्या दिवशी. लताबाईंच्या अंगणातून बाहेर आले तर तो भर उन्हात उतार उतरत होता, पुढच्या विहिरीकडे. मी हाक मारली, "आता कुठे?"

त्याने वळूनही पाहिलं नाही. "पानी इथंच थांबलं थोडीच हाय मॅडम?"

पुढच्या विहिरीवर तो वाकला. मग त्याच्या पुढच्या. मग नाल्याकडच्या बाभळींआड गेला. मीठ कुठवर पोचलं, ते मला सांगायला तो परत आला नाही. वहीत त्या तारखेसमोर मी जागा कोरी ठेवली आहे.