उजव्या कौलाची सरपंच

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल की मी तिचं कौतुक करतेय. कौतुक वगैरे काही नाही. साठी उलटली, पेन्शन सुरू झाली, गुडघ्याला पट्टा आला, तरी तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं ते दुखतंच.

आमचं गाव रत्नागिरीहून पूर्णगडकडे जाताना डांबरी रस्ता सोडून आत लागतं. वर कातळ, खाली खाडी, मध्ये उतारावर घरं. मी तालुक्याच्या शाळेत तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकाचे हक्क, गुप्त मतदान, शासनाला धर्म नसतो, सगळं फळ्यावर रंगीत खडूनं लिहायचे. माझी जाऊ सातवी शिकलेली. कातळावर कोकमं वाळवून आमसुलं करते आणि रत्नागिरीच्या बाजारात स्वतः नेऊन विकते. तिचा नवरा मुंबईला नोकरीला, वर्षातून दोनदा येतो.

हेव्याची सुरुवात त्या आमसुलांपासूनच झाली. ती पहिल्यांदा पाटी घेऊन बाजाराला निघाली तेव्हा घरात केवढा गहजब! आमच्या घरातल्या बाईनं बाजारात बसायचं म्हणजे काय? मुंबईहून तिच्या नवऱ्याचा फोन आला, आमच्या ह्यांनी तोंड फिरवलं, सासऱ्यांनी जेवण सोडलं. ती देवळात गेली, अंगारा लावून आली आणि म्हणाली, "माज्या कपाळावर आईचा अंगारा हाय. दुसऱ्या कुणाचं नाव लिवलेलं नाय." आणि गेली की एसटीत बसून. सासऱ्यांनी संध्याकाळी जेवण मागून घेतलं.

आता माझं सांगते. बी.एड.चा अर्ज भरायचा होता तेव्हा मी सासऱ्यांना विचारलं, ह्यांना विचारलं, माहेरी वडलांना पत्र घालून विचारलं. सगळे हो म्हणाले तेव्हा भरला. मी देव मानत नाही. म्हणजे हळदीकुंकवाला जाते, गणपतीत आरतीला उभी राहते, पण आत काही हलत नाही. वाटायचं, आपण शिकलेल्या, आपण मोकळ्या. आणि ही सातवी पास बाई देवीच्या नावानं घरदार धाब्यावर बसवून मोकळी होते आणि मी घटनेतली कलमं तोंडपाठ असून परवानग्या मागत फिरते. ह्यावर जळायचं नाही तर काय करायचं?

गेल्या निवडणुकीला आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. मला ते पद हवं होतं. उगाच आडपडदा कशाला ठेवू? फार हवं होतं. आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं ते एकदा खुर्चीत बसून करून बघायचं होतं, आणि गावानं मला निवडलं असं स्वतःला सांगायचं होतं. मी अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी कळलं, धाकटीनंही भरलाय. मला न विचारता! वरच्या वाडीत पाण्याची लाईन पोचत नाही, उन्हाळ्यात तिथल्या बायका विहिरीवर भांडतात, ते तिला सोडवायचं होतं म्हणे. मी मात्र तेव्हा एवढंच म्हटलं, ही माझ्या वाटेत मुद्दाम आली.

एका घरातल्या दोन जावा समोरासमोर म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. मानकऱ्यांनी देवळात बैठक लावली. आमच्याकडे गावाचं कुठलंही मोठं काम अडलं की देवीला कौल लावतात. म्हणजे गुरव ओल्या कळ्या देवीच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात आणि सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठं खणायची, पालखी कुठल्या वाटेनं न्यायची, हे असंच ठरत आलंय. पण सरपंच ठरवायला कौल आजवर लावला नव्हता. मानकऱ्यांचं म्हणणं, देवीनं एकीला कौल द्यावा, दुसरीनं अर्ज मागे घ्यावा, निवडणूक बिनविरोध व्हावी, गावात वैर नको.

थोरल्या मानकऱ्यांनी मला विचारलं, "बाई, तुमाला चालंल ना?"

तीस वर्षं गुप्त मतदान शिकवलेली बाई मी. त्या क्षणी उठून म्हणायला हवं होतं की हे चालणार नाही, मतदार म्हणून प्रत्येकाचा हक्क आहे. पण मी काय म्हटलं? "गाव म्हणेल तसं." माझं गणित सरळ होतं. मानकरी माझ्या बाजूचे आहेत हे मला ठाऊक होतं, गाऱ्हाणं माझ्या नावानं घातलं जाणार होतं. उजवी पडली तर देवीची इच्छा. डावी पडली तर ही अंधश्रद्धा आहे, मी अर्ज काढणार नाही, असं भाषण माझ्या डोक्यात तयार होतं. दोन्ही बाजूंनी मीच जिंकणार. इतका कावेबाजपणा मी आयुष्यात केला नव्हता आणि त्याची मला तेव्हा जराही लाज वाटली नाही.

सकाळची वेळ होती. सभामंडप भरलेला. गुरवकाका म्हणजे वाळलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकलेली. त्यांनी कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुज्या लेकरांनी तुज्या पायाशी गाऱ्हाणा घातलाय. थोरल्या घरच्या थोरल्या सुनेला गावाच्या खुर्चीवर बसवायची काय? बसवायची असंल तर उजवा दे, आई."

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप बोलला. मीसुद्धा बोलले.

बराच वेळ काही झालं नाही. मी उजव्या कळीवरची नजर काढली नाही. देव न मानणारी बाई मनातल्या मनात म्हणत होती, पड, पड गं बाई. आणि ती पडली. उजवी. मंडपात एकदम गलका झाला, कुणीतरी घंटा वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी देवी मानली.

धाकटी पुढं आली. तिनं देवीला लोटांगण घातलं. मग माझ्या कपाळाला कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. अगदी मोठ्या मनाच्या बाईसारखा. थोरले मानकरी म्हणाले, "उद्या तालुक्याला जाऊन अर्ज मागं घेऊन ये."

"अर्ज मी नाय काढणार," ती म्हणाली.

थोरले मानकरी उठून उभे राहिले.

"देवीच्या शब्दाबाहेर जातेस?"

"शब्दाबाहेर कुटं जातेय? आईन ताईंना उजवा दिलान. त्या व्हतील सरपंच, मला काय वाईट वाटायचं नाय. पण तुमी आईला विचारलंत, हिला बसवू काय. दुसरीनं उभंच राहू नये काय, असं कुटं विचारलंत? नि लोकांनी मत देऊ नये, असं आईन कुटं सांगितलान?" ती मानकऱ्यांकडे पाहतच नव्हती, गाभाऱ्याकडे तोंड करून बोलत होती. "आईन हरेकाला आपापलं डोकं दिलान. 'ते माज्या पायाशी ठेवून घरी जावा' असं ती सांगायची नाय. आणि सांगितलान तर मी भांडेन तिच्याशी. आमचं दोघींचं काय ते आमी बघून घेऊ."

हे सगळं माझ्या पुस्तकातलं होतं. माझ्या! प्रत्येक माणसाचा विवेक त्याचा स्वतःचा, त्यावर राज्याचाही ताबा नाही आणि देवळाचाही नाही. मी तो धडा दर वर्षी जूनमध्ये शिकवायचे. आणि माझ्या तोंडून त्या वेळी काय निघालं? "अगं, गावाचा मान ठेव." तेव्हा तोंडाला आलेला कडूपणा अजून गेलेला नाही.

त्या दुपारी ती परसात आमसुलं उलटी करत होती. मी कुंपणापाशी गेले.

"रागावलात, ताई?"

"छे." मी धडधडीत खोटं बोलले. "तुला भीती नाही वाटली?"

"कुणाची?"

"देवीची. एवढा कौल झालेला."

ती हसली. "आईची भीती कशाला वाटंल? भीती त्या माणसांची वाटत व्हती. म्हणून तर आईकडं बघून बोलले."

मी घरात आले आणि उगाचच कपाट आवरायला घेतलं. इतका जळफळाट झाला होता की हाताला काहीतरी काम हवं होतं. तिच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं. भरलेल्या सभामंडपात, सगळ्या पुरुषांच्या समोर, तिच्या पाठीशी कुणीतरी उभं होतं आणि माझ्या पाठीशी कुणी नव्हतं. माझे हक्क खरेच आहेत, पण ते छापलेले आहेत. ते मिळवायला वकील लागतो, तारखा लागतात, आणि त्याआधी तोंड उघडायचं धैर्य लागतं. ते धैर्य कुठून आणायचं हे माझ्या पुस्तकात कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिला ते देवळात मिळालं, आणि त्याच देवळाविरुद्ध तिनं ते वापरलं. मला हे कसं जमलं असतं? मी तर कळी पडताच लीन झाले होते.

निवडणूक झाली. माझा प्रचार मानकऱ्यांनी केला. घरोघर जाऊन एकच सांगायचे, उजवा कौल झालाय. धाकटीही फिरली. ती म्हणायची, "मत कुणालाबी द्या. पण आपलं आपण ठरवून द्या." स्वतःसाठी मत मागायचंच विसरायची बहुतेक. की तेच तिचं मागणं होतं, कोण जाणे.

मी जिंकले. घसघशीत जिंकले. गुलाल उधळला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली, माझ्या नऊवारीचा रंग ओळखू येईना. धाकटीनं दारात ओवाळलं. तिला मतं थोडी पडली, पण पडली. आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली ती त्या थोड्या मतांनी.

कारण ती तिची होती. कौलाच्या विरुद्ध, मानकऱ्यांच्या विरुद्ध, कुणीतरी यंत्रासमोर एकटं उभं राहून तिच्या नावासमोरचं बटण दाबलं होतं. माझी मतं कुणाची? माझी, की त्या कळीची? दगडालासुद्धा त्या दिवशी उजवा कौल झाला असता तर गावानं त्याला निवडून दिलं असतं. मला गावानं निवडायला हवं होतं. गावानं देवीचं ऐकलं, एवढंच झालं. रस्त्यानं जाताना मी लोकांचे चेहरे बघायचे. तू दिलंस का तिला? तू? त्यातलं एखादं तरी मत माझं असतं तर मी बाकी सगळी सोडली असती.

पहिल्या सभेआधी म्हटलं, देवीची ओटी भरून यावी. सरपंचाला रीत पाळावीच लागते. देवळात गुरवकाका एकटेच समया घासत बसले होते. मी खण-नारळ पुढं केला. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, कुंकू दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, तुमच्यामुळेच झालं हो हे."

ते गंभीर झाले. "माज्यामुळं नाय. आईन दिलान. मी नुसत्या कळ्या लावतंय." मग समई खाली ठेवली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "मत माजं तेवढं माजं व्हतं, बाई. ते मी धाकल्या वैनीला दिलं. तुमी माज्या पोरांना शिकवलंत, तुमच्याशी लपवाछपवी नको."

माझ्या तोंडून निघून गेलं, "का?"

त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही. "त्या दिवशी अख्खा मंडप कळीकडं बघत व्हता. तुमीपण. ती एकटी आईकडं बघत व्हती."

त्यांनी नारळ फोडून अर्धी वाटी माझ्या पदरात घातली आणि वरच्या वाडीच्या पाण्याचं आता मनावर घ्या म्हणाले. घेते म्हटलं. जिंकलेली बाई जितकी जळू शकते तितकी जळत मी देवळाच्या पायऱ्या उतरले.