आमटीतला सूड

बनारसला श्राद्धासाठी येणाऱ्या मराठी यात्रेकरूंचा स्वयंपाक आई एका गुरुजींच्या घरी करते. कॉलेजआधी मी तिच्या हाताखाली असते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रोज तीच आमटी, तीच खीर. मला कंटाळा यायचा. श्राद्धाचं अन्न नैवेद्याआधी चाखायचं नसतं, म्हणून मीठ अंदाजानं घालायचं. एकदा माझी आमटी अळणी झाली. भर पंगतीत गुरुजी आईला म्हणाले, "कॉलेजात जाते आणि नमक कळत नाही? तिथलं नाव कटवून टाका हिचं."

आई खाली मान घालून वाढत राहिली. तेव्हापासून मी सूड घेते आहे. याला सूडच म्हणतात ना? रोज मुठीतलं मीठ असं तोलते, की त्यांना बोलायला जागा उरू नये. हल्ली कंटाळा येत नाही.

काल गुरुजींनी भुरका मारला आणि वाटी पुढे केली.

"अळणी नाही ना, गुरुजी?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"वाढ," ते पुटपुटले.

"मग कॉलेजातलं नाव राहू दे ना माझं?"

त्यांनी वाटी आणखी पुढे सरकवली. मी सावकाश वाढलं. उद्याही आमटीच आहे, आणि मला उद्याची घाई झाली आहे.